वेशीवरचा दगड

शेफील्ड, इंग्लंड
दि. २ सप्टेंबर २०२५

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

पत्र बघून तुला हसू येईल. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फुलांचे फोटो पाठवणारी कुंदा एकदम वहीची पानं फाडून लिहायला का बसली? कारण आहे. काही गोष्टी फोनवर माझ्या तोंडून निघत नाहीत, तुला ठाऊक आहे. तू 'हं, बोल' म्हणतेस आणि मी भाजीचे भाव सांगायला लागते.

इकडे सगळं ठीक. मुक्ताचं बाळंतपण नीट पार पडलं, नातू तीन महिन्यांचा झाला आणि रात्रभर जागवतो. शेक द्यायला इथे शेगडी कुठली मिळायला! हीटरवर दुपटी गरम करून घेते. डिंकाचे लाडू केले, तर ते मुक्तापेक्षा जावईबापूंनीच जास्त खाल्ले. त्याची भरपाई म्हणून की काय, परवा रविवारी ते मला म्हणाले, "आई, तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात, चला, तुम्हाला एक गाव दाखवतो."

गावाचं नाव अक्षरं लावून वाचलं तर 'एयाम' होतं, पण म्हणतात 'ईम'. आहे डर्बीशर परगण्यात. शेफील्डहून गाडी निघाली की टॉटलीचा बोगदा लागतो, पावणेसहा किलोमीटर नुसता अंधार, आणि उजेडात बाहेर येते न येते तोच ग्रिंडलफर्ड स्टेशन. तिथून टॅक्सीनं चढ चढून वर गेलो. करड्या दगडाची घरं, दारात गुलाब, खिडकीत मांजर. जोशीबाईंच्या कॅलेंडरवर असायचं ना, अगदी तसलं गाव. मी मनात म्हटलं, छान आहे, पण यात इतिहास तो काय?

मग एका घरापुढची हिरवी पाटी वाचली.

पाटीवर त्या घरात कोण राहत होतं आणि कोण कधी गेलं ते लिहिलंय. जॉर्ज व्हिकर्स, शिंपीकाम करणारा गडी, ७ सप्टेंबर १६६५. घरातला धाकटा मुलगा एडवर्ड, वय वर्षं चार, २२ सप्टेंबर. थोरला जोनाथन, बारा वर्षांचा, २ ऑक्टोबर. त्यांचा सावत्र बाप अलेक्झांडर हॅडफील्ड पुढच्या वर्षी ३ ऑगस्टला. मुलांची आई मेरी तेवढी वाचली. तिचे एकूण तेरा नातेवाईक गेले. खिडकीत मात्र आजही पडदे आहेत, कुंड्या आहेत, आत कुणाचा तरी टीव्ही लागलेला होता. शेजारच्या घरापुढे तशीच पाटी, त्याच्या पलीकडे आणखी एक. आपण वाड्यांवर 'श्रीराम', 'मातृछाया' लिहितो ना, तसं इथे दारोदार मेलेल्यांची नावं.

प्लेग, सुमन. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगनं कहर मांडला होता. तिथून ईमच्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. गावची जत्रा तोंडावर होती, कपडे शिवायची घाई. कापड ओलसर होतं म्हणून व्हिकर्सनं ते उलगडून विस्तवापुढे वाळत घातलं. गठ्ठ्यातल्या पिसवांना ऊब मिळाली. काही दिवसांत व्हिकर्स गेला, मग शेजारपाजार. हिवाळ्यात साथ जरा मंदावली. लोकांना वाटलं, सुटलो. उन्हाळ्यात ती अशी उसळली की १६६६ च्या एका ऑगस्ट महिन्यात ७८ माणसं गेली. चौदा महिन्यांत एकंदर दोनशे साठ. गाव केवढं, तर काही शे वस्तीचं.

हे ऐकताना मला तुझी आजी आठवत होती. तुमच्या पडवीत बसून ती सांगायची ते. गावात उंदीर पडायला लागले की दवंडी पिटायची वाट न बघता लोक घरदार सोडून माळावर जायचे, कडब्याची, पाल्याची खोपटं घालून महिना दोन महिने तिथेच राहायचे. तिचा भाऊ विसरलेला तांब्या आणायला म्हणून गावात गेला, परत आल्यावर काखेत गाठ. आपण दोघी घाबरून एकमेकींचा हात धरायचो आणि ती वर म्हणायची, "झोपा आता." उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात हे त्या लोकांना कुणी शिकवलं नव्हतं, पण उंदीर पडला म्हणजे घर सोडायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ईमच्या लोकांनी नेमकं उलटं केलं. त्यांनी गाव सोडलं नाही.

गावचा रेक्टर, म्हणजे चर्चचा मुख्य धर्मगुरू, विल्यम माँपेसन. वयानं तरुण, गावात नवखा. लोकांचा जीव होता तो त्याच्या आधीच्या धर्मगुरूवर, थॉमस स्टॅन्लीवर. त्याला राजाच्या नव्या धर्मकायद्यानं १६६२ साली पदावरून काढून टाकलेलं. दोघं विरुद्ध पंथांचे, एकमेकांशी बोलणंही अवघड. तरी दोघं एकत्र आले आणि १६६६ च्या जूनमध्ये त्यांनी गावाला तीन गोष्टी पटवल्या. मेलेल्यांना चर्चच्या आवारात न नेता ज्यानं त्यानं आपल्या परसात, शेतात पुरायचं. चर्चला कुलूप लावून प्रार्थना उघड्यावर घ्यायची. आणि गावच्या वेशीबाहेर कुणी पाऊल टाकायचं नाही, म्हणजे साथ शेजारच्या गावांत जाणार नाही. बाहेरून अन्न पुरवायची हमी चॅट्सवर्थच्या मोठ्या वाड्यातल्या अर्ल ऑफ डेव्हनशरनं घेतली.

आपल्याकडे १८९७ साली पुण्यात काय झालं ते मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. सोजिरांनी घरात घुसून केलेल्या तपासण्या, रस्त्यावर काढलेलं सामान, रँड, २२ जूनची रात्र, चापेकर. मुलं हात वर करून करून उत्तरं द्यायची. पण विलगीकरण म्हणजे लोकांवर लादलेली गोष्ट, एवढंच माझ्या डोक्यात होतं. इथे लोकांनी स्वतःहून ते मान्य केलं म्हणतात.

म्हणतात, असं मुद्दाम लिहिते. शिक्षकी खोड जात नाही. खरंच सगळ्यांना विचारलं असेल का गं? पैसेवाली काही घरं आधीच निघून गेली होती. माँपेसननं स्वतःची दोन्ही मुलं वेळेत यॉर्कशरला पाठवून दिली. ज्यांना जायला जागाच नव्हती, शिशाच्या खाणीत काम करणारे, गडीमाणसं, त्यांचा 'होकार' कसला? शिवाय प्लेग उंदरांचा आणि पिसवांचा. त्याच घरांत, त्याच अंथरुणांवर राहून त्यांनी आपलं मरण ओढवून घेतलं असणार. तुझ्या आजीच्या माळावरच्या खोपटांत त्यांतले कितीतरी वाचले असते. मी हे जावईबापूंना म्हटलं, तर ते म्हणाले, "पण आई, शेजारची गावं वाचली ना?" त्यावर मला काही बोलता आलं नाही.

गावात पुढे काय काय पाहिलं ते थोडक्यात सांगते. चर्चच्या आवारात आठव्या शतकातला दगडी क्रूस आहे, देवदूत कोरलेला, मधला तुकडा गहाळ झाल्यामुळे बुटका दिसणारा. कितीएक वर्षं म्हणे तो कोपऱ्यात गवतात पडून होता. आपल्या मारुतीच्या देवळामागचे वीरगळ आठवले, ज्यांवर आपण बसून चिंचा खायचो. चर्चच्या भिंतीवर १७७५ सालचं सूर्यघड्याळ आहे, त्यावर दूरदेशीच्या वेळाही कळायची सोय. ऊन नव्हतं, त्यामुळे ते बंद! ईम हॉल नावाचा वाडा आहे, १६७१-७२ मध्ये बांधलेला. म्हणजे शेवटचं प्रेत पुरल्यावर पाच वर्षांत इथे कुणीतरी लग्नाच्या जोडप्यासाठी वाडा बांधत होतं. वाड्यासमोर चोरांचे पाय अडकवायचा लाकडी खोडा. संग्रहालयाच्या छपरावर वारा दाखवणारी कोंबड्याची आकृती असते ना, तिथे यांनी उंदीर बसवलाय. मला हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली.

आणि विहिरी! डर्बीशरमध्ये उन्हाळ्यात विहिरी सजवतात. लाकडी फळ्यांवर ओली चिकणमाती थापतात आणि तीत पाकळ्या, पानं, बिया, शेवाळ दाबून अख्खं चित्र उभं करतात. रंग असा लावायचाच नाही, सगळं झाडापानांचं. हायड्रेंजियाची एकेक पाकळी टाचणीसारखी बसवलेली. तू असतीस तर बसकण मारून तिथेच शिकून घेतलं असतंस. माती वाळली की पाकळ्या करपतात, आठवडाभरात सगळं संपतं. रांगोळीच की.

मग आम्ही शेताडीतून खाली उतरलो, स्टोनी मिडलटनकडे जाणाऱ्या पायवाटेनं. तिथे वेशीवर एक ओबडधोबड धोंडा आहे. कमरेएवढाही नाही. त्याच्यावर सहा भोकं पाडलेली. ईमचे लोक त्या भोकांत व्हिनेगर ओतायचे आणि त्यात नाणी टाकून मागे फिरायचे. शेजारच्या गावचे लोक पाव, मांस तिथे ठेवायचे, नाणी उचलायचे आणि जायचे. व्हिनेगरनं विष मरतं अशी समजूत. डोंगराच्या बाजूला एक झरा आहे, माँपेसनची विहीर म्हणतात, तिथेही असाच व्यवहार चालायचा, फक्त नाणी वाहत्या पाण्यात. भोकांच्या कडा आता गुळगुळीत झाल्यात, येणारा प्रत्येक जण बोट घालून बघतो. मीही घातलं. आत पावसाचं पाणी होतं आणि कुणीतरी टाकलेला एक पेनी.

तिथे मी खाली बसले. जावईबापूंना वाटलं, गुडघा दुखला.

सुमन, मे २०२१ मध्ये भाऊजी गेले तेव्हा मी तुला फोनवर म्हटलं होतं, जिल्ह्याची हद्द बंद आहे, ई-पास मिळत नाही. तू म्हणालीस, "नको येऊस, तुझी तू सांभाळ." नंतर मी तुला दहा हजार रुपये मोबाइलवरून पाठवले, आणि तुला ते मिळाल्याचं हिरवं चिन्ह आलं की नाही ते बघत बसले. व्हिनेगरातली नाणीच ती.

सांगते पुढे. आधी उरलेलं गाव सांगू दे.

गावाबाहेर अर्ध्या मैलावर रायलीची थडगी आहेत. उघड्या माळावर दगडी कुंपणाचा छोटा गोल, आत काही शिळा. एलिझाबेथ हँकॉक नावाच्या बाईनं १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे पुरली. ३ तारखेला पहिलं मूल, १० तारखेला शेवटचं. मदतीला कुणी येईना, म्हणून म्हणे ती प्रेताच्या पायाला फडकं बांधून ओढत न्यायची आणि स्वतः खड्डा खणायची. पलीकडच्या टेकडीवरून स्टोनी मिडलटनचे लोक बघत उभे असायचे अशी आठवण सांगतात. बघत उभे. ते तरी काय करणार होते? हे वाक्य मी आता लिहिलं आणि माझं मलाच खटकलं. वाचलेल्या मुलाकडे शेफील्डला ती पुढे निघून गेली. मी जिथे बसून हे लिहिते आहे त्याच शहरात कुठेतरी राहिली असणार बिचारी.

माँपेसनची बायको कॅथरीन मुलांबरोबर गेली नाही, नवऱ्याबरोबर आजाऱ्यांकडे जात राहिली. एका संध्याकाळी फिरून येताना ती म्हणाली म्हणे, हवेला किती गोड वास येतोय. प्लेग झालेल्याला असा वास येतो अशी तिकडची समजूत. नवरा काय ते समजला. २५ ऑगस्टला ती गेली. तिचं थडगं चर्चच्या आवारात क्रूसाजवळ आहे, त्यावर वाळूचं घड्याळ कोरलंय आणि लॅटिनमध्ये लिहिलंय की सावध असा, वेळ कोणती ते तुम्हाला ठाऊक नाही. मला तिथे सावित्रीबाई आठवल्या नसत्या तरच नवल. त्या मुंढव्याच्या प्लेग झालेल्या पोराला स्वतः उचलून यशवंतच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि १० मार्च १८९७ ला त्यातच गेल्या. दर ३ जानेवारीला आपण शाळेत त्यांच्या फोटोला हार घालायचो, मुलींची भाषणं, फुटाण्याचा प्रसाद. जयंती न चुकता करायचो. दहा मार्चला मात्र परीक्षांचं वेळापत्रक लावत बसलेली असायचे मी.

ऑगस्टचा शेवटचा रविवार इथे प्लेग संडे असतो, म्हणूनच जावईबापूंनी तो दिवस धरला होता. दुपारी सगळा गाव कुकलेट डेल्फ नावाच्या हिरव्या घळीत उतरला. चर्चला कुलूप लावलं तेव्हा प्रार्थना इथेच व्हायची, घरटी माणसं एकमेकांपासून लांब लांब उभी राहायची आणि माँपेसन चुनखडीच्या कपारीतून बोलायचा. परवा लोक घडीच्या खुर्च्या, छत्र्या, कुत्री घेऊन आले होते. भजनं झाली. भजनंच म्हणते, दुसरा शब्द सुचत नाही. अर्थ निम्मा कळला, पण उघड्यावर पन्नास-शंभर म्हाताऱ्या आवाजांनी एक सूर धरला की आपल्या काकड आरतीसारखंच पोटात हलतं.

या घळीचीच आणखी एक गोष्ट आहे, खरी-खोटी देव जाणे. ईमची एमट सिडल आणि शेजारच्या गावचा रोलंड टोर, लग्न ठरलेलं. साथ आल्यावर तो घळीच्या पलीकडे येऊन उभा राहायचा, ही अलीकडे, हाक मारायच्या अंतरावर. एक दिवस ती आली नाही. तो तरी रोज येत राहिला, आणि वेस उघडल्यावर सगळ्यात आधी गावात शिरलेल्यांत तो होता. तेव्हा त्याला कळलं की ती एप्रिलमध्येच गेली. यातला एमटचा मृत्यू खरा, नोंदवहीत आहे. उरलेलं लोकांनी रचलं असेल. पण सुमन, मी तुला रोज व्हिडिओ कॉल करायचे आणि तू कॅमेरा छताकडे करून ठेवायचीस, पंखा दिसायचा नुसता. मी त्या पंख्याशी बोलायचे.

शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६ ला. त्यानंतर साथ थांबली. माँपेसन वाचला. पुढे काही वर्षांनी तो नॉटिंगहॅमशरमधल्या ईकरिंग गावी धर्मगुरू म्हणून गेला, तर तिथले लोक त्याला गावात घेईनात. प्लेगच्या गावचा माणूस! मग तो गावाबाहेर एका खोपटात राहिला आणि झाडाखाली उभं राहून प्रवचनं दिली. ज्यानं लोकांना वेशीच्या आत धरून ठेवलं त्याला वेशीबाहेर ठेवलं. हे मला संग्रहालयात कळलं आणि त्याच्यावरचा माझा राग जरा उतरला. मुलं बाहेर पाठवली म्हणून मी त्याला मनातल्या मनात बरंच बोलले होते. मुलांना पाठवलं, पण तो स्वतः राहिला. कॅथरीनचं प्रेत त्यानं पाहिलं. त्या शरद ऋतूत त्यानं पत्रात लिहिलं की हे गाव गोलगोथा झालंय, कवट्यांची जागा.

आता माझं ऐक.

ई-पास मिळाला होता, सुमन. अंत्यविधीसाठी देत होते. मुक्ताच्या चुलतभावानं मोबाइलवरून अर्ज केला, चार तासांत आला. गाडी पण ठरली होती. मी दोन मास्क लावले, पिशवीत सॅनिटायझर, तुझ्यासाठी थर्मासमध्ये पेज घेतली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिले आणि तुमच्या घरातल्या त्या मधल्या खोलीत जायचं, जिथे भाऊजी दहा दिवस झोपले होते, एवढं डोळ्यापुढे आलं. परत वर आले. पेज मोरीत ओतली. मग तुला फोन लावला आणि सांगितलं, पास मिळत नाही. ह्यांनाही तेच सांगितलं. चार वर्षं हेच सांगत आले.

मी आले असते तर काय झालं असतं? काही नाही. तू दारातूनच परत पाठवलं असतंस, कदाचित चांगलंच केलं असतंस. मी तुझ्याकडून काही घेऊन आले असते तर ह्यांचं काय झालं असतं, तेव्हा त्यांची अँजिओप्लास्टी होऊन तीन महिने झाले होते. ही सगळी कारणं मला पाठ आहेत. पण ती मी तुला सांगितली नाहीत. मी पासाचं नाव घेतलं. त्या दगडाजवळ बसून मला एवढंच डाचत होतं. ईमचे लोक निदान दगडापर्यंत यायचे, पलीकडच्या माणसाला आपलं तोंड दाखवायचे आणि मग मागे फिरायचे.

तू रागावलीस तर राग. चार वर्षांनी सांगतेय म्हणून जास्त राग, तोही चालेल. फक्त फोनवर 'जाऊ दे गं' म्हणू नकोस. त्यापेक्षा काही लिहू नकोस.

माझं परतीचं तिकीट १४ ऑक्टोबरचं आहे, पहाटे मुंबईत उतरते. दादरहून सकाळची गाडी मिळाली तर संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे पोचेन. आमच्या घरी नंतर जाईन, ह्यांना सांगून ठेवलंय. मधल्या खोलीत मला झोपायचंय. तुला चालत नसेल तर पडवीत टाक अंथरूण, पण येणार मी.

येताना तुझ्यासाठी इथली लोकर घेतेय, राखाडी रंगाची. आणखी काही हवं असेल तर मुक्ताच्या नंबरवर कळव.

तुझी,
कुंदा